जमण्याचा खर्च

मानसिक आजारातून किंवा व्यसनातून सावरणारी माणसे एकत्र बसतात, एकमेकांचे ऐकतात, कधी एखादा मेळावा, नाटक किंवा सहल ठरवतात. हे सारे ती स्वतःच चालवतात. डॉक्टर असलाच तर पाहुणा म्हणून. अशा जमण्याला लागणारा खर्च बेताचा असतो: खोलीचे भाडे, चहा, सतरंज्या, लांबून येणाऱ्याचे तिकीट, दारावरचा फलक. एवढे पैसे कोणी द्यायचे आणि कोणत्या अटींवर द्यायचे, हा प्रश्न मात्र कधीच बेताचा नव्हता. हैदराबादेत त्याची उत्तरे राजवट आणि कायदे बदलतील तशी बदलत गेली. त्यांतली काही उत्तरे जालना, पुणे आणि येरवडा यांच्याशी जोडलेली आहेत.

हैदराबाद १५९१ साली वसले आणि चार वर्षांनी, १५९५ मध्ये, मुहम्मद कुली कुतुबशाहाने दारुलशिफा उभारली. मधे चौक, भोवती दुमजली खोल्या, युनानी हकिमांचे उपचार आणि तिथेच त्या विद्येचे शिक्षण, असा तो पसारा होता आणि त्याचा भार राजाच्या खजिन्यावर होता. रुग्णालय केव्हाच बंद पडले. आज दारुलशिफा म्हटले की हैदराबादकराला मोहरम आठवतो, कारण त्या आवारातल्या आशुरखान्यात शोक करायला लोक अजून जमतात. उपचार सरकारचे आणि जमणे लोकांचे, ही वाटणी शहरात इतकी जुनी आहे.

निजामांच्या आसफजाही राज्यात लोकांच्या जमण्यालाही सरकारी पैसा मिळे, पण तो देवाधर्माच्या वाटेने. दर्गे, मठ, देवळे, मशिदी यांना इनाम जमिनी, मदद-ए-माश आणि यौमिया अशा नावांनी नेमणुका चालत. यौमिया हा रोजाच्या हिशोबाने बांधलेला रोख भत्ता. रक्कम किरकोळ, पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. या सगळ्यांना मिळून अतियात म्हणत; १९५२ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्यांचा पसारा लक्षात यावा. डोके फिरले, वारे लागले, झपाटले असे म्हणून ज्या माणसाला घरचे लोक दर्ग्यात किंवा देवस्थानात घेऊन जात, त्याचा तिथला आसरा अप्रत्यक्षपणे या नेमणुकांवर उभा असे. उरूस भरे, जत्रा भरे, त्या गर्दीत आजारी माणूस आणि त्याचे कुटुंब चार दिवस इतरांसारखे वावरत. मात्र सनद असे मुजावराच्या, पुजाऱ्याच्या किंवा महंताच्या नावाने. आजारी माणूस हा त्या व्यवस्थेत आश्रित. चार आश्रितांनी मिळून काही मागावे, अशी सोय तिच्यात नव्हती.

विद्येसाठी आणि कलेसाठी निजामाच्या दरबारातून जाणारे अनुदान याहून वेगळे होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ११ वर्षे दरसाल १,००० रुपये दिले आणि अतिथिगृहासाठी ५०,००० रुपये दिले. ठरलेले काम, ठरलेली मुदत आणि ठरलेली रक्कम, हा आजच्या अनुदानाचा साचा तिथे ओळखू येतो. तो साचा दुखणाइतांच्या बैठकीपर्यंत पोचायला अजून अर्धे शतक लागायचे होते.

त्याआधी जमण्यावरच बंधन आले. १९२० च्या दशकात निजाम सरकारने ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सार्वजनिक सभेला आगाऊ परवानगी सक्तीची केली. रोख राजकारणावर होता, पण झळ सगळ्यांनाच लागली. त्याच दशकाच्या आरंभी, १९२१ च्या नोव्हेंबरात, विवेकवर्धिनी शाळेच्या आवारात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली आणि तिथे एका वक्त्याच्या तेलुगू भाषणाची हुर्यो उडवली गेली. त्यातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ जन्माला आला, हा भाग प्रसिद्ध आहे. त्या काळाची दुसरी खूण तितकी सांगितली जात नाही. सभा घेणे अवघड झाल्यावर मराठी, तेलुगू, कन्नड अशा सर्वच भाषकांनी वाचनालय, गणेशोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन, कीर्तन अशा आडोशाने जमायला सुरुवात केली, आणि त्याचा पैसा आला वर्गणीतून. पावती पुस्तक, खजिनदार, वर्षाअखेरचा जमाखर्च ही शिस्त शहराने तिथे अंगी बाणवली. संस्था नोंदणीचा हैदराबादी कायदा १३५० फसलीचा, म्हणजे १९४०-४१ च्या सुमाराचा. तेलंगण भागातल्या संस्था २००१ मध्ये नवा कायदा येईपर्यंत त्याच फसली सालाच्या कायद्याखाली नोंदवल्या जात होत्या.

मनोरुग्णांसाठी राज्याने जो थेट खर्च केला तो रुग्णालयावर, आणि ते रुग्णालय हैदराबादेत नव्हते. ते जालन्याला होते. तेलंगणातल्या एखाद्या खेड्यातला रुग्ण तिथे जायचा तर मनमाडच्या मीटरगेज गाडीने, शेकडो किलोमीटर दूर, वेगळ्या भाषेच्या मुलखात. नातेवाईक वारंवार येणे शक्यच नव्हते. मराठवाड्यातल्या माणसाला ते जवळचे, पण त्यालाही भिंतीपलीकडचेच. पोलीस ॲक्शननंतर राज्य भारतात विलीन झाले आणि १९५३ मध्ये हे रुग्णालय जालन्याहून हैदराबादच्या एर्रागड्ड्याला हलवले गेले. तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेचा वंश असा जालन्यापर्यंत जातो.

या स्थलांतराने अंतर मिटले नाही, त्याची दिशा तेवढी उलटली. आता परभणी-नांदेडच्या कुटुंबाला हैदराबाद गाठावे लागे. तीन वर्षांनी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा ती वाटही सरकारी अर्थाने परकी झाली. महाराष्ट्राची मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालय व्हावे ही मागणी मान्य व्हायला एकविसावे शतक उजाडले. प्रश्न खाटांचा म्हणून मांडला गेला, तसा तो आहेही. पण रुग्णालय जिथे असते तिथेच बरे झालेल्या माणसांच्या ओळखी होतात, एकमेकांचे पत्ते घेतले जातात आणि पुढे बैठक सुरू होण्याची शक्यता निर्माण होते. मराठवाड्याने १९५३ मध्ये खाटांबरोबर ही शक्यताही गमावली.

एर्रागड्ड्यालाही ती लगेच फळली असे नाही. मराठीत येरवडा किंवा ठाणे हा टोमणा होतो, तसा हैदराबादी बोलण्यात एर्रागड्डा झाला. त्या काळी देशभरातली मनोरुग्णालये कोंडण्याच्या जागा होत्या. दाखल होणे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने, सुटका नातेवाइकांच्या मर्जीने. घरी गेल्यावर आजाराचे नाव काढायचे नाही. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या मैदानात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले, तेव्हा दोन गोष्टी दिसून आल्या. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि शेजारच्या तंबूतले अनोळखी कुटुंब डॉक्टरइतकेच उपयोगी पडू लागले. खर्च म्हणाल तर तंबूंचा. भारतातल्या समदुःखींच्या मेळाव्यांचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान बहुधा तिथलेच ठरेल.

पश्चिमेत त्याआधीपासूनच बरे झालेल्या रुग्णांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकीने पैशाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. शिकागोत १९३७ मध्ये डॉ. अब्राहम लो यांनी रुग्णालयातून सुटलेल्यांचा ‘रिकव्हरी’ हा गट बांधला. पुढे त्याचा कारभार पूर्णपणे सभासदांकडे गेला. न्यूयॉर्कमध्ये रॉकलंड रुग्णालयातून बाहेर पडलेली काही माणसे १९४४ पासून जमू लागली. सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्या ही त्यांच्या भेटीची जागा. १९४८ मध्ये एका हितचिंतक बाईंच्या मदतीने त्यांना घर मिळाले आणि ‘फाउंटन हाउस’ सुरू झाले. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या आरंभी लाहोरपर्यंत पोचली.

पैशाबद्दल सर्वांत खोल विचार केला तो दारू सोडणाऱ्यांनी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात झाली. पहिल्या दोन-तीन वर्षांत संस्थापकांची स्वप्ने मोठी होती: स्वतःची रुग्णालये, पगारी प्रचारक, पुस्तके. पैशासाठी ते जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे गेले. त्यांच्या माणसाने काम पाहून ५०,००० डॉलर द्यावेत अशी शिफारस केली. रॉकफेलर यांनी १९३८ मध्ये दिले फक्त ५,०००, तेही एका चर्चच्या खात्यात ठेवून. त्यांचे म्हणणे, पैसा या कामाची नासाडी करील. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या धनिकांना जेवायला बोलावले, तेव्हा पाहुण्यांनी चेकबुके बाहेर काढायची तयारी ठेवली होती. पण आजारी वडिलांच्या जागी बसलेल्या नेल्सन रॉकफेलर यांनी या कामाला सदिच्छा पुरेशी आहे, ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, असेच सांगितले. संस्थापक त्या रात्री खट्टू झाले. दहा वर्षांनी, १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या संमेलनात त्यांनीच नियम मान्य करून घेतला की प्रत्येक गटाने स्वतःच्या सभासदांच्या पैशावर चालायचे, बाहेरची देणगी नाकारायची. मृत्युपत्रांतून आलेल्या मोठमोठ्या देणग्याही मग परत गेल्या.

भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास मुंबईत रुजली आणि तिथून इतर शहरांत पसरली. हैदराबाद-सिकंदराबादच्या जोडशहरात चर्चच्या, शाळेच्या खोल्यांतून तिच्या बैठका भरतात. शेवटी थैली फिरते. ज्याला जमेल त्याने टाकावे, नवख्याने काही न टाकले तरी चालते. त्यातून खोलीचे भाडे आणि चहा निघतो. समदुःखींच्या बैठकांत जगात सर्वांत टिकलेली बैठक ही अनुदान न घेणारी आहे, हे अनुदान देणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात त्या नियमालाही मर्यादा आहे. नोकरी टिकलेली माणसे थैलीत टाकू शकतात. स्किझोफ्रेनियाने ज्याची विशीच गिळली, ज्याच्या हाती कधी पगार आला नाही, त्याच्या गटाची थैली रिकामीच फिरेल. म्हणून व्यसनमुक्तीचे गट स्वावलंबी राहू शकले आणि तीव्र मानसिक आजारांचे गट बाहेरच्या पैशावाचून उभेच राहिले नाहीत. दोहोंना एकच माप लावणे चूक आहे.

आंध्र प्रदेशात एक उदाहरण असे घडले की त्यात अनुदान एका कामाला मिळाले आणि उगवले दुसरेच. १९९० च्या दशकाच्या आरंभी नेल्लोर जिल्ह्यात राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या पैशातून प्रौढांचे रात्रीचे वर्ग चालू झाले. कंदील, पाट्या, एक स्वयंसेवक आणि बायकांच्या कामातून मोकळा काढलेला तास. वाचनपाठात गावातल्या अरकाच्या, म्हणजे गावठी दारूच्या दुकानाची गोष्ट आली आणि बायका अक्षरे बाजूला ठेवून स्वतःच्या घरांबद्दल बोलू लागल्या. दुबगुंटा गावाच्या बायकांनी १९९२ मध्ये दुकान बंद पाडले. पाहता पाहता आंदोलन राज्यभर पसरले, १९९३ मध्ये अरकावर बंदी आली आणि जानेवारी १९९५ मध्ये हैदराबादच्या सरकारने पूर्ण दारूबंदी जाहीर केली. १९९७ मध्ये ती उठवली गेली. सरकारच्या मेहरबानीने भरलेल्या वर्गातून सरकारच्याच उत्पन्नावर घाला येईल, असे कोणाच्या अंदाजपत्रकात नव्हते. आंदोलनाच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. इथे मुद्दा एवढाच की दारूच्या दुःखावर बोलण्यासाठी त्या बायकांना कोणी निधी दिला नव्हता. जमण्याची जागा आणि वेळ यांचा खर्च निघाला, एवढे पुरले.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. १९८० च्या दशकात ब्राउन शुगरचे, म्हणजे गर्दचे, व्यसन शहरांत पसरले. लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. जागा सरकारची, सुरुवातीचा पैसा एका लेखकाच्या रंगभूमीवरच्या कमाईचा, आणि चालवणाऱ्यांत हळूहळू व्यसन सोडलेलीच माणसे. मुक्तांगणचे वेगळेपण या तिसऱ्या गोष्टीत आहे. जो काल दाखल होता तो आज नव्याला धीर देतो. व्यसनमुक्तीच्या दिवसाची वर्षपूर्ती वाढदिवसासारखी साजरी होते. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट बसतो. निरनिराळ्या गावांत पाठपुराव्याच्या बैठका होतात. एक लाख ही १९८६ मध्येसुद्धा इस्पितळ बांधायला पुरणारी रक्कम नव्हती. ती माणसे जमवायला पुरली, आणि देणाऱ्याने तिच्यावर आपल्या नावाची पाटी किंवा कारभारातला हक्क मागितला नाही, हे त्या देणगीचे खरे वजन.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत पैसा आणखी लांबून आला. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. तिथल्या मराठी मंडळींना घेऊन १९८५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र सेवा समिती स्थापली. सभासदांनी डॉलर गोळा करायचे, कॅनडाच्या सरकारी विकास संस्थेने त्यात भर घालायची आणि ती रक्कम भारतातल्या छोट्या संस्थांना द्यायची, अशी तिची रीत होती. घरातल्या आजारपणाने त्यांना स्किझोफ्रेनियाकडे नेले आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिच्या स्वमदत गटांत आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात; ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या वर्तुळातही हीच भाषा चालते. २४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन जवळ आला की शुभार्थी रंगमंचावर येऊन गातात, नकला करतात, आपला अनुभव सांगतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही वाणी यांचा पुढाकार होता. त्या चित्रपटाचे खेळ लावून नंतर चर्चा ठेवणे, हा पुढची कित्येक वर्षे स्वस्तात भरणारा जनजागृतीचा कार्यक्रम ठरला.

हैदराबादेत सरकारी पैसा समदुःखींच्या मेळाव्याकडे वळला तो मानसिक आजाराच्या शेजारच्या दारातून. सिकंदराबादजवळ बोवेनपल्लीला १९८४ मध्ये मतिमंदत्वासाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे आवार मनोविकासनगर म्हणून ओळखले जाते. मुलांच्या प्रशिक्षणाबरोबर पालकांनी एकत्र येणे गरजेचे आहे हे संस्थेने लवकर ओळखले आणि पालकसंघांच्या प्रादेशिक मेळाव्यांना आर्थिक मदत सुरू केली. मेळावा पालकांचा, विषय पालकांनी ठरवलेले, संस्था खर्चाला हातभार लावणार. अशा भेटीगाठींतून १९९५ मध्ये ‘परिवार’ हा पालकसंघटनांचा राष्ट्रीय महासंघ तयार झाला. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही लहान अनुदानातून लोकांची स्वतःची चळवळ उभी राहिल्याचे इतके ठळक हैदराबादी उदाहरण दुसरे नाही. मानसिक आजार असलेल्यांच्या संघटनांसाठी असा मायबाप त्या काळात कोणीच नव्हता.

मानसिक आजाराकडे जाणारी सरकारी रक्कम तेव्हा दवाखान्याच्या रस्त्याने चालली होती. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, तो जिल्हा पातळीवर राबवण्याचा बळ्ळारीतला प्रयोग, आणि १९९६ मध्ये देशातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सुरू झालेला जिल्हा कार्यक्रम, ज्यात हैदराबादला लागून असलेला मेदक होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळणे ही मोठीच मजल. जनजागृतीची तरतूद त्यातही होती, पण ती भित्तिपत्रके आणि शिबिरांवर खर्ची पडे, आणि शिबिरात बोलणार डॉक्टरच. शहरात स्वयंसेवकांनी वेगळी वाट धरली. चेन्नईत १९८६ मध्ये ‘स्नेहा’ या आत्महत्या प्रतिबंधक केंद्राने सुरुवात केली होती. त्याच धर्तीवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिकंदराबादेत ‘रोशनी’ सुरू झाली. इथे फोन उचलणारा तज्ज्ञ नसतो, ऐकायला शिकलेला सामान्य माणूस असतो. खर्च मुख्यतः जागेचा आणि टेलिफोनचा, आणि तो देणग्यांतून भागवायचा.

२००९ च्या सुमारास शहराचे स्थान एका वेगळ्या अर्थाने बदलले. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने आणि भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मिळून काढलेल्या इंडिया अलायन्सचे कार्यालय हैदराबादेत आले. आरोग्य संशोधनाचे अनुदान वाटणारी देशातली एक मोठी संस्था बंजारा हिल्सवर बसू लागली. तिच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने पुढच्या दशकात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या खेड्यांत मानसिक आरोग्याचा ‘स्मार्ट’ हा प्रकल्प चालला. त्यात आशा कार्यकर्त्यांच्या हाती टॅबलेट आले आणि कलंकाची भावना कमी करण्यासाठी गावोगाव नाटके व ध्वनिचित्रफिती दाखवल्या गेल्या. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ने जवळपास हेच काम गावकऱ्यांतल्याच निवडक माणसांकडे सोपवले होते. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा हा प्रकल्प कॅनडातल्या ग्रँड चॅलेंजेसच्या मदतीने उभा राहिला आणि नंतर गुजरातेतल्या मेहसाण्यात पसरला. संशोधनाच्या पैशाला एक खोड असते: प्रकल्प संपला, निष्कर्ष छापून आले की नाटकवाले घरी जातात. गटाला मात्र पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीही खोली हवीच असते. मुंबईत २०१५ मध्ये सुरू झालेल्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हसारख्या देशी निधीने तळच्या कामांना सलग काही वर्षे पैसा देण्याचे धोरण घेतले, ते ही खोड ओळखूनच.

कायद्याने या माणसांना उशिरा का होईना, टेबलाशी बसवले. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि लांबत लांबत २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन आणि सांभाळणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी घ्यावे लागतात. आता प्रतिनिधी निवडायचे तर आधी गट हवेत, आणि गट हवेत तर जमण्याचा खर्च हवा. कायद्याने जागा दिली, या खर्चाचा मात्र उल्लेख केला नाही.

त्याच काळात लहान रकमेची वाट अरुंद होत गेली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. हैदराबादच्या औषध आणि संगणक कंपन्यांकडे त्यामुळे बराच पैसा आला. पण एप्रिल २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेला स्वतंत्र नोंदणी लागू झाली आणि त्यासाठी आयकर सवलतीची प्रमाणपत्रे आवश्यक ठरली. शिवाय वीस हजारांचा मेळावा आणि वीस लाखांचा प्रकल्प, दोहोंची कागदपत्रे सारखीच. कंपनीच्या अधिकाऱ्याला दुसरा सोयीचा वाटणे साहजिक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगीच्या कायद्यात झालेला बदल याहून दूरगामी होता. परदेशी पैसा घेतलेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तोपर्यंतची रीत अशी की मोठी, नोंदणीकृत संस्था परदेशातून ठोक रक्कम घेई आणि तिचे दहा-वीस तुकडे करून गावोगावच्या छोट्या गटांना देई. दुरुस्तीमागे हिशोबाच्या पारदर्शकतेचे कारण सांगितले गेले. परिणाम असा की कॅल्गरीच्या मराठी मंडळींसारख्यांचे डॉलर आले तरी ते ज्या संस्थेच्या खात्यात उतरतील तिनेच खर्चावे लागतात.

त्यामुळे हैदराबादेत काय किंवा पुण्यात काय, नोंदणी नसलेल्या आधारगटांनी जुन्याच युक्त्या पुन्हा वापरात आणल्या आहेत. कार्यक्रम मोठ्या संस्थेच्या नावाने भरवायचा आणि बिले तिच्याच खात्यातून थेट मंडपवाल्याला व छापखान्याला द्यायची, म्हणजे रक्कम हस्तांतरित झाली असे होत नाही. सभागृह ग्रंथालयाचे किंवा शाळेचे, रविवारी फुकट. माहिती देणारा डॉक्टर मानधन घेत नाही. उरलेल्या चहा-नाश्त्याला सभासदांची वर्गणी, तीही ऐपतीप्रमाणे. निधी देणाऱ्या काही संस्थांनीही आपला अर्ज एका पानाचा केला आहे, आणि कार्यक्रमानंतर लेखापरीक्षकाच्या दाखल्याऐवजी पावत्या व चार ओळींचा वृत्तांत त्या मान्य करतात. कोण आले होते, याची नावांची यादी मागायची की नाही, यावर मात्र एकमत नाही. देणाऱ्याला पुरावा हवा असतो; येणाऱ्यांपैकी अनेकांनी आजाराची गोष्ट कार्यालयात, सोसायटीत, सासरी सांगितलेली नसते. पुष्कळ गट डोकी मोजून आकडा देतात आणि सहीचा कागद ठेवत नाहीत.